मेश्रामताईंनी दिलेलं उत्तर

"काही होणार नाही" हे शब्द मेश्रामताईंच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत. आमच्या वॉर्डात ते दिवसभर कानांवर पडत. सलाईन लावताना सिस्टर म्हणायच्या, ट्रॉली ढकलणारे मामा म्हणायचे, गावाहून भेटायला आलेले पाहुणे तर दारातूनच म्हणत आत यायचे. मीही म्हणायचे. कॅन्सर झालेल्या मुलांचा वॉर्ड तो. तिथे माणसाला दुसरं काही सुचतही नाही. मेश्रामताईंना मात्र त्या शब्दांची चीड होती. म्हणायच्या, "ज्याले होऊन राहिलं त्यालेच आपण सांगतो, काही होणार नाही. मग त्यानं कोणाले सांगावं बिचाऱ्यानं, मले काय होऊन राहिलं ते?"

त्या आमच्या रुग्णालयात समुपदेशक होत्या. आजारी मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, हे त्यांचं काम. मी आहारतज्ज्ञ. वॉर्डाच्या टोकाला एक लहानशी खोली आम्हा दोघींत मिळून होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि खिडकीतून दिसणारी पार्किंगची जागा. औषधांमुळे या मुलांची प्रतिकारशक्ती फार उतरलेली असते, म्हणून बाहेरचं, कच्चं, उघड्यावरचं काही द्यायचं नाही, सगळं उकडून द्यायचं, हे सांगत मी दिवसभर फिरायचे. मुलांनी माझं नाव 'उकड मॅडम' ठेवलं होतं. मेश्रामताई सगळ्यांच्या नुसत्या 'मावशी'.

उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज घोगरा. कपडे कायम भडक. पोपटी कुर्ता, राणी रंगाची ओढणी, कधी लिंबासारखा पिवळा. मी एकदा त्यावरून बोलले, तर म्हणाल्या, "पोट्टे दिवसभर छत पाहत पडले राहतात. त्याईले पाहाले काही तं पाहिजे." त्यांच्या चष्म्याच्या काचांवर नेहमी लहान बोटांचे ठसे असत. पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

प्रत्येक पलंगाभोवती पडदा होता. डॉक्टर तो सर्रकन ओढून आत जायचे, आम्ही सगळेच जायचो. मेश्रामताई बाहेर उभ्या राहून तोंडानं "ठक ठक" म्हणायच्या. आतून "ये" आलं तरच जायच्या. "नको" आलं तर "बरं, उद्या विचारीन" म्हणून पुढच्या पलंगाकडे. काही मुलं तर नुसती गंमत म्हणून दिवसेंदिवस "नको" म्हणत. एका नवीन डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, असं केलं तर तुमचं काम कसं होणार?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्या पोट्ट्याईले सुईले नाही म्हणता येत नाही. तुम्हाले नाही म्हणता येत नाही. उलटीले नाही म्हणता येत नाही. एक मी आहे. म्हणू द्या."

त्यांचं स्वतःचं मूल असंच गेलं असावं, अशी वॉर्डात कुजबुज होती. नाहीतर कोण एवढं करेल, असं आयांना वाटायचं. एका आईनं शेवटी विचारलंच, "ताई, तुमचं बी गेलं का वं लेकरू?" मेश्रामताई म्हणाल्या, "नाही बाई. माझं लग्नच नाही झालं. मनीषनगरात मी अन् माझे म्हातारे वडील, दोघंच राहतो. माझं काहीच गेलं नाही. मले हे काम जमते, म्हणून मी करते." त्या आईचा चेहरा थोडा पडला. आपल्यासारखंच दुःख असलेलं माणूस तिला हवं होतं. खोटं बोलून तेवढं समाधान देणं मेश्रामताईंना सहज जमलं असतं, पण त्यांनी ते केलं नाही. त्या तिच्या शेजारी बराच वेळ बसून राहिल्या, एवढंच.

त्या रडायच्या मात्र उघड. कोपऱ्यात जाऊन वगैरे नाही. एखादं मूल गेलं की त्याच्या आईच्या गळ्यात पडून तिच्याइतक्याच मोठ्यानं रडायच्या. मग खोलीत येऊन डबा उघडायच्या आणि भाकरी, झुणका, ठेचा सगळं संपवायच्या. माझा डबा बंदच असे. त्या माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "रडल्यावर मले लयच भूक लागते बाप्पा. तू बी खा. पुढच्या पलंगावरच्या पोराचा काय गुन्हा आहे?"

हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर असलेला गणेश नावाचा माणूस होता. त्याचा निखिल आमच्याकडे भरती होता, पहिली-दुसरीतला. गणेश शिफ्ट सुटली की मोटारसायकलवर यायचा, पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली उभा राहायचा, तिथूनच बायकोला फोन करायचा आणि निघून जायचा. वर कधी येत नसे. सिस्टर्स म्हणायच्या, काय दगडाचा बाप आहे. निखिल रोज आईला विचारायचा, बाबा आले का? ती म्हणायची, ड्युटी आहे त्यांची. तो पलंगावरून उठू शकत नव्हता, नाहीतर खिडकीतून त्याला बाप दिसला असता.

मेश्रामताई खाली जायला लागल्या. आमच्या खोलीतून मला ते दोघं दिसायचे. ताई कट्ट्यावर बसलेल्या, तो गाडीला टेकून उभा. निखिलचं नाव काढायचं नाही, असं जणू ठरलेलं. कारखान्यात काय बनतं, कोणती मशीन सारखी बिघडते, साहेब कसा आहे, हेच चालायचं. एक दिवस मी भटारखान्यातून परत येत असताना गणेशचा आवाज ऐकला.

"तिथं मशीन बंद पडली का मलेच बोलावतात, ताई. मी खोलतो, पाहतो, चालू करून देतो. इथं मी काय करू? तो माह्याकडे पाहते, अन् मी उभा राहतो बुजगावण्यासारखा."

"पाय दुखतात त्याचे," मेश्रामताई म्हणाल्या. "औषधानं दुखतात. त्याच्या मायचे हात भरून येतात दाबून दाबून. तुमचे हात मोठे आहेत. चला वर."

तो आला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तरी नखांतलं काळं जाईना. ते काळं लपवत, मुठी मिटूनच तो पडद्याआड गेला. त्या दिवसापासून रोज शिफ्ट सुटली की तो यायचा आणि निखिलचे पाय दाबत बसायचा. फार बोलायचा नाही. निखिल मात्र बोलत सुटायचा, शाळेचं, कुत्र्याचं, कशाचंही.

निखिल गेला तो दिवस मला आठवतो, कारण सगळं आटोपल्यावरही गणेश त्याचे पाय दाबतच होता. डॉक्टरांनी सांगितलं, बायकोनं हंबरडा फोडला, तरी त्याचे हात थांबेनात. सिस्टर पुढे झाल्या, तेव्हा मेश्रामताईंनी त्यांचा दंड धरला. "दाबू द्या त्याले," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे आता?" मग सगळा वॉर्ड थांबला. तो आपणहून थांबेपर्यंत कोणी त्या पलंगाजवळ गेलं नाही.

आजारी मुलाच्या मागे एखादं धडधाकट मूलही असतं आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. पारशिवनीकडच्या एका गावातला सोहम नावाचा लहान मुलगा बरेच महिने आमच्याकडे होता. आई-वडील दोघं त्याच्यापाशी. त्याची मोठी बहीण रिद्धी गावी मावशीकडे ठेवलेली. सुट्टीत ती भेटायला आली, पण वॉर्डात बाहेरच्या लहान मुलांना सोडत नाहीत, म्हणून आमच्या खोलीत बसवली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अंगावर शाळेचाच फ्रॉक. मी बिस्किटं दिली, ती हातात धरून ठेवली. खाल्ली नाहीत.

मेश्रामताईंनी तिला काही विचारलं नाही. रंगीत मण्यांचा डबा टेबलावर ओतला आणि म्हणाल्या, "मले लाल लाल निवडून दे वं." दोघी गुपचूप मणी निवडत बसल्या. बऱ्याच वेळानं रिद्धी मान वर न करता म्हणाली, "मावशी, म्या सोहमले मर म्हटलं होतं."

"केव्हा?"

"त्यानं माही कंपासपेटी फेकली विहिरीत. तवा म्हटलं, मर तू. मग त्याले ताप आला."

काय काय मनात घेऊन हे पोर परक्या घरात झोपत होतं! मेश्रामताई मणी निवडतच होत्या. म्हणाल्या, "मी माह्या भावाले रोज म्हणत होती. एकदा तं शाप बी देला होता. तो आता आजोबा झाला, पोट सुटलं त्याचं. म्हटल्यानं कोणी मरत नाही, रिद्धी. म्हटल्यानं हा आजार होत नाही. पक्कं सांगते. डॉक्टरले बी विचारू, चल."

खरोखरच त्या तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि डॉक्टरांनीही खुर्ची ओढून तिला नीट उत्तर दिलं. मग रिद्धीनं विचारलं, "मग बरा हो म्हटलं तं तो बरा होते का?" मला वाटलं, इथे तरी ताई हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाही गं. तसं बी होत नाही. पण त्याले आयकाले बरं वाटते." परवानगी काढून, मास्क लावून त्यांनी तिला सोहमकडे नेलं. थोड्याच वेळात दोघं मोबाईलवरून भांडायला लागले आणि त्यांची आई हसता हसता रडायला लागली. सोहम बरा झाला. आमच्याकडची पुष्कळ मुलं बरी होतात, हेही सांगायला हवं. पण ती घरी जातात, मोठी होतात आणि आम्हाला विसरतात. तसंच व्हावं.

ओम बरा झाला नाही.

सातवीतला मुलगा, शहरातलाच. वडील किशोरराव, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. आई वैशाली. ओमला मेट्रोचं विलक्षण वेड. सगळी स्थानकं त्याला क्रमानं पाठ होती आणि मेट्रोतल्या निवेदकाचा आवाज तो हुबेहूब काढायचा. माझी जेवणाची ट्रॉली आली की पलंगावरून घोषणा व्हायची, "पुढील स्थानक, उकडलेला बटाटा. दरवाजे डाव्या बाजूला उघडतील." सुई घेऊन येणाऱ्या सिस्टरसाठी वेगळी घोषणा होती. सगळा वॉर्ड हसायचा.

दोनदा बरा होऊन घरी गेला. तिसऱ्यांदा आजार उलटला, तेव्हा डॉक्टरांनी आई-वडिलांना बसवून सांगितलं, की आता औषधं चालणार नाहीत. दुखणार नाही, एवढं बघू. किशोररावांनी त्याच दिवशी आम्हा सगळ्यांना गाठून बजावलं. "माझ्या मुलासमोर एक शब्द निघता कामा नये. त्याला सांगायचं, तू बरा होतोयस." डोळे लाल झालेले, पण आवाज करडा. आम्ही माना डोलावल्या.

ओमच्या घोषणा बंद झाल्या. आम्हाला वाटलं, थकवा असेल. मेश्रामताई मला म्हणाल्या, "त्याले समजलं आहे. तुझ्यामुळंच समजलं."

"माझ्यामुळे?"

"तू त्याले पाणीपुरी खा म्हटलं ना परवा?"

म्हटलं होतं. आता पथ्याला अर्थ नव्हता आणि त्याला पाणीपुरी फार आवडायची, म्हणून मी स्वतः त्याच्या आईला सांगितलं होतं, हवं ते द्या. ओमनं ताईंना विचारलं होतं, "एवढे दिवस उकड मॅडम साधी काकडी देत नव्हती. आता पाणीपुरी खा म्हणते. केमो पण बंद केलं. मला आता कशानंच फरक पडत नाही का, मावशी?"

त्या वेळी ताईंनी त्याला उत्तर दिलं नाही. "मी तुझ्या आई-बाबांशी बोलते, मग आपण बोलू," एवढंच म्हणाल्या आणि तडक किशोररावांकडे गेल्या. "ओम विचारून राहिला. तुम्ही दोघांनी सांगितलं तं सगळ्यात चांगलं. मी बाजूले बसते. तुम्हाले नाही जमत तं मी सांगते, तुमच्यासमोर."

"तुम्ही काही सांगायचं नाही."

"मी आपणहून नाही सांगणार. पण त्यानं मले सरळ विचारलं तं मी खोटं नाही बोलणार, भाऊ."

"मग त्याच्याकडे जायचंच नाही," किशोरराव म्हणाले. "बाप मी आहे."

ताई गेल्या नाहीत. बापाचा अधिकार त्या मानत होत्या. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ओम भिंतीकडे तोंड करून पडायचा. कोणी बोललं की डोळे मिटायचा. मेश्रामताई शेजारच्या पलंगापाशी "ठक ठक" म्हणायच्या, तेव्हा तो ऐकायचा, हे आम्हाला माहीत होतं. एकदा तो ओरडला, "मावशी, माझ्याकडे काहून येत नाही?" ताई आमच्या खोलीत येऊन भिंतीला टेकल्या. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला.

मग एका दुपारी वैशाली आमच्या दारात येऊन उभी राहिली. किशोरराव दुकानात गेले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "ताई, चला. तो मले विचारते अन् मी तोंड फिरवते. रोज फिरवते. असंच तोंड फिरवता फिरवता तो चालला जाईन. मले नाही होत आता."

"किशोरभाऊले विचारलं?"

"ते हो नाही म्हणणार. मी आई आहे ना त्याची? मी म्हणते, चला."

मेश्रामताई उठल्या. त्याच वेळी मी ओमच्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीकडे जायला निघाले होते. मध्ये फक्त पडदा होता. मी निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. म्हणून मला ते सगळं ऐकू आलं.

ताईंनी "ठक ठक" म्हटलं. "ये," ओम म्हणाला. मग त्यानंच विचारलं.

"रागावली होतीस?"

"नाही. मले येता आलं नाही."

"बाबांनी येऊ दिलं नाही."

"हो. भीती वाटते त्याईले."

मग ओम म्हणाला, "मी मरणार आहे का?"

"तुले काय वाटते?"

"तू उलटं विचारू नको!"

"बरोबर आहे तुझं. नाही विचारत." ताईंचा घोगरा आवाज आणखी खाली गेला. "हो, ओम. हा आजार बरा करणारं औषध आता डॉक्टरांजवळ नाही. त्याईनं सगळं करून पाहिलं."

"केव्हा?"

"ते मले माहीत नाही. खरंच नाही. कोणालेच माहीत नाही."

"दुखेल?"

"दुखू नये म्हणून औषध आहे. ते कोणी बंद करणार नाही. थोडं जरी दुखलं तं सांगायचं. सहन करत बसायचं नाही."

"आई?"

"मी इथंच आहे," वैशाली म्हणाली. "मी कुठं बी जाणार नाही, राजा."

मग तो रडला, ती रडली. शेजारच्या पलंगावरची मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. पडद्यापलीकडून ओमचा रडवेला आवाज आला, "बाबांना सांगू नका हं, मला माहीत आहे म्हणून. ते रडतील."

किशोररावांना ते ओमकडूनच कळलं. संध्याकाळी किशोरराव आले, तेव्हा कितीतरी दिवसांनी ओम त्यांच्याकडे तोंड करून बसला. गप्पा मारल्या. आणि बोलता बोलता म्हणून गेला, "बाबा, माझ्यानंतर आईला दुकानात घेऊन जात जा. ती घरी एकटी बसेल तर नुसती रडेल."

किशोरराव उठले आणि तसेच आमच्या खोलीकडे आले. ताईंना काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तो माणूस जळत होता. "माझ्या पोराची आशा मारली तुम्ही," हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मेश्रामताईंनी मान खाली घातली नाही आणि उलट उत्तरही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी किशोररावांनी वरिष्ठांकडे तक्रार केली.

आणि त्याच आठवड्यात त्यांनीच ओमला मेट्रोत फिरवलं. ओमनं मागितलं होतं. याआधी तो काहीच मागत नव्हता. चाकाची खुर्ची, सोबत एक सिस्टर, आणि एका टोकाच्या खापरी स्थानकापासून थेट दुसऱ्या टोकाच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, मग परत. सिस्टर सांगत होत्या, तो प्रत्येक स्थानकाची घोषणा निवेदकाच्या जरा आधी करत होता आणि डब्यातली माणसं वळून वळून पाहत होती. किशोरराव दांडा धरून त्याच्या पाठीशी उभे होते. एका स्थानकाला ओमचा आवाज पुरला नाही, तेव्हा ती घोषणा त्यांनी केली. घोषणेत त्यांनी चुकीच्या बाजूचे दरवाजे उघडले, म्हणून ओम हसला.

थोड्या दिवसांनी ओम गेला. दुपारची वेळ होती. आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. शेवटी त्यांच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढं मी पाहिलं. तक्रार किशोररावांनी मागे घेतली नाही.

चौकशी झाली. आई-वडिलांच्या परवानगीशिवाय तुम्ही मुलाला का सांगितलं, असा प्रश्न होता. खरं उत्तर सोपं होतं. "त्याच्या आईनं मला नेलं," एवढं ताईंनी म्हणायचं होतं. ताई म्हणाल्या, "मी माझ्या मनानं गेले."

मी खोलीत त्यांच्यावर चिडले. "ताई, तुम्ही खोटं बोललात! तुम्ही! मी जाऊन सांगते. मी साक्षीला होते."

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "नको सांगू. माझी शपथ आहे तुले. त्या घरात आता ते दोघंच आहेत. समोरासमोर बसून जेवायचं आहे त्याईले, वर्षानुवर्षं. तिनं सांगाले लावलं, हे त्याले आज समजलं तं तो तिले माफ नाही करणार. मले नाही केलं तं काय, मी काही त्याच्या घरात राहत नाही." मग म्हणाल्या, "पोराशी मी खोटं नाही बोलत. मोठ्यांशी बोलते कधीमधी."

त्यांचं कंत्राट होतं, ते पुढे वाढवलं नाही. एवढ्यावर विषय मिटला.

नंतर मी वैशाली आणि किशोररावांना एकदा पाहिलं, एका सिग्नलला, स्कूटरवर. तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि मांडीवर दुकानात न्यायचा जेवणाचा डबा. दिवा हिरवा झाला, ते गेले. मी मेश्रामताईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुकानात नेते म्हणजे तिले. चांगलं आहे." वडील गेल्यावर त्या मनीषनगरचं घर सोडून भावाकडे चंद्रपूरला राहायला गेल्या. फोन हळूहळू कमी झाले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसते. चांगली आहे, खूप शिकलेली आहे. मेश्रामताई कशा होत्या, असं तिनं विचारलं, म्हणून हे सगळं वर आलं.

वॉर्डातला त्यांचा शेवटचा दिवस मात्र मी तिला सांगितला नाही. त्या दिवशी आम्ही निरोपाचा कार्यक्रम करणार होतो, त्यांनी नको म्हटलं. सकाळपासून त्या एकेका पलंगाकडे जात होत्या. आमच्याकडे माणसं एकदम नाहीशी होतात. काल शेजारी खेळत असलेला मुलगा आज दिसत नाही आणि कोणी काही बोलत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला त्यांना स्वतः सांगायचं होतं, की उद्यापासून मी येणार नाही, मी कुठं चालले, कशी आहे. एका चिमुरडीनं विचारलं, "मावशी, तुले सुट्टी झाली?" बरं होऊन घरी जायला मिळालं, की आमच्याकडे त्याला सुट्टी झाली म्हणतात. ताई म्हणाल्या, "हो वं, झाली." "मजा आहे बा तुही," ती म्हणाली, आणि ताईंचा हात धरून तिनं दारापर्यंत चालून दाखवलं.

शेवटी भाविका राहिली. सहा-सात वर्षांची असेल. तिला त्या दिवशी पाठीतलं इंजेक्शन द्यायला गुंगीचं औषध दिलं होतं आणि ती गाढ झोपली होती. तिची आई कपडे धुवायला गेली होती. बाकी सगळं झालं होतं. माझीही निघायची वेळ झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही निघा. उठली की मी सांगते तिला."

"नाही," मेश्रामताई म्हणाल्या. "तुम्ही सांगसान, 'मावशी गेली'. तिच्या बाजूचा पोट्टा परवा वारला, तवा बी 'गेला' असंच सांगितलं होतं तिले. मी बसते."

मी दारातून मागे वळून पाहिलं. दुपार कलली होती, खिडकीतलं ऊन फरशीवर लांबवर पसरलं होतं. भाविका तोंड थोडं उघडं टाकून झोपली होती. मेश्रामताई तिच्या पलंगाशी बसल्या होत्या. अंगावर केशरी कुर्ता, मांडीवर पर्स, चपला पायांत, निघायच्या तयारीत असल्यासारख्या. त्यांनी आपला हात भाविकाच्या हाताजवळ चादरीवर ठेवला होता. ती जागी होईल म्हणून तिला स्पर्श केला नव्हता. तिच्या पापण्या जराशा हलल्या, तशा ताई पुढे वाकल्या. ती जागी झाली नाही. ताई परत नीट बसल्या आणि वाट पाहू लागल्या.